डोंगरीचं कापड, जपानचा माग आणि वडिलांची वही
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंचावर दर वर्षी डॉक्टर, प्राध्यापक, कीर्तनकार बोलतात. यंदा कार्यकारिणीने आमच्यासारख्या डिप्लोमावाल्या सरकारी नोकराला उभं केलं आणि वर बजावलं, "वीस मिनिटं बोला, फाईलसारखं लांबवू नका." प्रयत्न करतो. आणखी एक खुलासा आधीच करतो. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणा म्हणून नाही. इंदूरात जन्म गेला, रस्त्यावर 'अपन' म्हणायची सवय, तीच घरी येऊन मराठीत 'आम्ही' होते. शिवाय आजची गोष्ट एकट्याची नाही. आम्हा तिघा भावंडांची आहे आणि तिच्यात एक चूकही तिघांची आहे.

विषय छापला आहे 'जपानी जीन्सची कारागिरी'. काही ज्येष्ठांनी कपाळाला हात लावलेला आम्हाला इथून दिसला. गणेशोत्सवात जीन्स कशाला? थोडा धीर धरा. ही गोष्ट मुंबईच्या डोंगरीहून निघते, जपानला जाते आणि आपल्या मालवा मिलच्या चौकात परत येते.

सुरुवात घरातून करू. आमचा भाचा नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. मागच्या दिवाळीत आला तेव्हा त्याच्या अंगात एक निळी जाडजूड पँट होती. इतकी ताठ की काढून ठेवली तर स्वतःच्या पायावर उभी राहील. आम्ही किंमत विचारली. म्हणाला, "मामा, तीस हजार येन." हिशेब केला, सोळा-सतरा हजार रुपये. आमच्या लग्नाचा सूट त्याच्या चौथाईत झाला होता. आईने ती धुवायला उचलली तर ओरडला, "आजी, ती लगेच धुवायची नसते." आई म्हणाली, "का रे, तिकडे पाण्याची टंचाई आहे का?"

पण मग आईने ती पँट उलटी केली, पायाच्या आतली शिवण चष्म्याजवळ धरली आणि बोटाने काठ चाचपला. पांढरा घट्ट काठ, मधून एक लाल दोरा. आई म्हणाली, "हा तर साच्याचा काठ. ह्यांच्या गिरणीत असाच यायचा. फेकायच्या पट्ट्या घरी आणायचे, मी त्यांच्या नाड्या करायची."

भाचा बघतच राहिला. ज्या काठासाठी जपानात लोक जास्तीचे पैसे मोजतात, तो आमच्या आईने परकराच्या नाडीवरून ओळखला. त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

आधी कापडाचा इतिहास थोडक्यात. गवंडी, खलाशी, मजूर यांच्यासाठी जाड, राकट सुती कापड आपल्याकडे फार जुन्या काळापासून विणलं जायचं. मुंबईच्या डोंगरी किल्ल्याच्या आसपास ते विकलं जायचं, म्हणून त्याचं नाव पडलं डोंगरी. इंग्रजांच्या जिभेवर ते 'डंगरी' झालं, जहाजांवरून इंग्लंडला गेलं आणि पुढे तिकडे कामगाराच्या पोशाखालाच 'डंगरीज' म्हणू लागले. कोणताही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडून बघा, डोंगरीचा उल्लेख सापडेल. 'डेनिम'चं मूळ फ्रान्समधल्या नीम शहराशी जोडतात, 'जीन'चं इटलीतल्या जिनोआशी. पण या तिघांत एक पत्ता मराठी मुलखातला आहे. निळीचंही तसंच. इंग्रजीतला 'इंडिगो' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थच 'हिंदुस्थानातून आलेला'.

आणि गंमत बघा. आमचे वडील गिरणीत फिटर होते. त्यांच्या निळ्या अंगरख्या-पँटच्या जोड पोशाखाला ते 'डांगरी' म्हणायचे. रेल्वेच्या वर्कशॉपात, फौजेतही हाच शब्द चालतो. म्हणजे डोंगरीचा शब्द विलायतेला गेला आणि डांगरी होऊन आमच्या खुंटीवर येऊन लटकला. आपलाच शब्द आपण परका समजून वापरत होतो.

अमेरिकेत १८७३ साली जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने आणि लेव्ही स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट घेतलं. कारण साधं होतं. मजूर खिशात अवजारं, दगड कोंबायचे आणि खिसे उसवायचे. तेव्हा जीन्स जन्माला आली ती फॅशन म्हणून नव्हे, दुरुस्तीचा उपाय म्हणून. हे एका फिटरच्या मुलाला लगेच पटतं.

आता जपान. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक तिथे आले. त्यांच्या जुन्या पँट बाजारात विकायला येऊ लागल्या. ओकायामा प्रांतात कोजिमा नावाचं गाव आहे, आता ते कुराशिकी शहरात मोडतं. समुद्र हटवून तयार केलेली जमीन, माती खारट, भात नीट येईना, म्हणून लोक कापूस घेऊ लागले. कापसावरून विणाई आली, विणाईवरून शिवण. शाळेचे गणवेश आणि कामगारांचे कपडे शिवण्यात हे गाव मुरलेलं होतं. १९६५ साली तिथल्या मारुओ या गणवेश शिवणाऱ्या कंपनीने अमेरिकेहून कापड मागवून जीन्स शिवायला घेतली. पुढे हीच कंपनी 'बिग जॉन' म्हणून ओळखली गेली. पण कापड परकं, दोरा परका, चेनसुद्धा परकी. मग १९७३ मध्ये कुराबो या गिरणीने जपानात जपानी डेनिम विणलं.

इथे एक तांत्रिक मुद्दा सांगायला हवा, डिप्लोमाचा थोडा तरी उपयोग होऊ द्या. डेनिममध्ये ताण्याचा दोरा निळा असतो आणि बाण्याचा पांढरा. निळा दोरा आतपर्यंत निळा नसतो. तीनशे-चारशे दोरे एकत्र करून त्यांचा जाड दोर वळतात, तो निळीच्या हौदात बुडवतात, बाहेर काढून हवा देतात, पुन्हा बुडवतात. हौदातून निघताना रंग हिरवट पिवळा असतो, हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होतो. असं वारंवार केलं की दोऱ्याच्या वरच्या थरावर रंग बसतो आणि गाभा पांढरा राहतो. म्हणून वापरता वापरता गुडघ्यावर, खिशाच्या कडेला पांढऱ्या रेघा उमटतात. माणूस कसा बसतो, कसा चालतो, पाकीट कुठे ठेवतो, सगळं त्या पँटवर लिहिलं जातं. भाचा ती धुवायला देत नव्हता त्याचं कारण हे.

हिरोशिमा प्रांतात काइहारा नावाची गिरणी आहे. १८९३ पासून ते निळीत रंगवलेलं 'कासुरी' कापड विणत. आपल्या पटोळ्यासारखं, आधी दोरा बांधून रंगवायचा आणि मग विणायचा. किमोनो नेसणं कमी झालं, कासुरीची मागणी घसरली. त्यांनी रडत न बसता विचार केला, आपल्या हाताला येतं काय? निळीत दोरा रंगवणं. मग १९७० मध्ये त्यांनी दोर बुडवून रंगवण्याचं यंत्र उभं केलं आणि डेनिमकडे वळले. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. माल बदलला, पण हातातली विद्या टाकून दिली नाही.

आता आईने ओळखलेल्या काठाकडे येऊ. जुन्या मागात धोटा असतो. धोट्याच्या पोटात बाण्याची कांडी. धोटा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो, दोरा कुठे तुटत नाही, म्हणून दोन्ही कडा आपोआप बंद होतात. नव्या मागांत धोटा नाही. हवेच्या झोताने किंवा पट्टीने दोरा फेकतात आणि प्रत्येक फेकीला कापतात. कापड दुप्पट रुंद निघतं, कितीतरी पट वेगाने निघतं, पण कड मोकळी राहते, तिला ओव्हरलॉक मारावं लागतं. धोट्याच्या मागावर जेमतेम तीस इंचांचा पन्हा निघतो. तो माग खडखडतो, हलतो, ताण कमी-जास्त होतो, त्यामुळे कापडाला हलका खडबडीतपणा येतो. नव्या मागाच्या हिशेबाने हा दोष आहे. जपानी लोकांनी त्यालाच कापडाचा स्वभाव मानलं.

जपानने हे माग अमेरिकेच्या गिरण्यांतून भंगाराच्या भावात उचलून नेले, असं अनेक जण सांगतात. ती दंतकथा आहे. तिथले बहुतेक माग घरचेच, टोयोडा नावाचे. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. आईला हातमागावर राबताना बघून त्याने सुधारित लाकडी माग केला, तो १८९०च्या सुमारास. १९२४ मध्ये त्याने असा स्वयंचलित माग आणला की तो न थांबता धोटा बदलायचा आणि दोरा तुटला की स्वतःहून थांबायचा. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने विकत घेतले. ज्या इंग्लंडने जगाला माग विकले, त्यांनी जपानी सुताराकडून मागाची विद्या घेतली. त्याच घराण्याने पुढे मोटारी काढल्या, तीच टोयोटा. आपल्या किर्लोस्करांबरोबर १९९७ पासून त्यांची मोटारीची भागीदारी आहे, हे तुम्ही जाणताच.

आता आम्ही जपानचं फार गुणगान करतोय असं वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. जपाननेही आपले बहुतेक जुने माग मोडीत काढले. कापडधंदा मंदावला तेव्हा तिथल्या शासनाने माग तोडण्यासाठी योजना आणल्या. हातोड्याने फोडलेल्या मागांचे ढीग तिथेही लागले. फरक इतकाच की काही मोजक्या गिरण्यांनी आपले माग कोपऱ्यात झाकून ठेवले आणि काही मोजक्या म्हाताऱ्या कारागिरांना घरी पाठवलं नाही.

मग १९८० आणि १९९०च्या दशकांत ओसाकाकडचे काही वेडे तरुण पुढे आले. त्यांना जुन्या अमेरिकन जीन्स आवडायच्या आणि तसं कापड अमेरिकेतही बनत नव्हतं. त्यांनी जुन्या पँट विकत घेतल्या, टाका टाका उसवून पाहिलं, दोरा किती जाड, इंचात टाके किती, रिव्हेट कोणत्या धातूचा. पायाची दुमड शिवायला अमेरिकेचं एक जुनं यंत्र होतं, युनियन स्पेशल. ते कापड किंचित पिळायचं, त्यामुळे धुतल्यावर दुमडीवर दोरखंडासारखे पीळ दिसायचे. कंपनीच्या दृष्टीने तो यंत्राचा अवगुण. या पोरांनी ती यंत्रं शोधून आणली, तो अवगुण जपला. त्यांतल्या एका ब्रँडचं नाव एविसू, जपानच्या सप्तदेवांतल्या एबिसू देवावरून. याच सात देवांत आपली सरस्वतीही आहे, बेंझाइतेन नावाने. आणि आपले बाप्पा? ते सातांत नाहीत, पण जपानात आहेत. त्यांना कांगितेन म्हणतात. टोकियोच्या असाकुसा भागात त्यांचं देऊळ आहे, तिथे त्यांना मुळा वाहतात. मोदकाऐवजी मुळा, बाप्पांनी गोड मानून घेतला असणार.

आज कोजिमात जीन्सच्या दुकानांचा एक रस्ताच आहे. डोक्यावर दोऱ्या बांधून त्यांवर निळ्या पँट वाळत घातल्यासारख्या लटकवलेल्या असतात. टोयोडाच्या त्या जुन्या मागांचे सुटे भाग आता कोणी बनवत नाही. एक माग चालू ठेवायला दुसऱ्या बंद मागाचे अवयव काढून लावतात. कारागीर आवाजावरून ओळखतो की कुठे ढिलं झालंय. आणि उलट अमेरिकेत काय झालं? नॉर्थ कॅरोलिनातली कोन कंपनीची व्हाइट ओक गिरणी, जिथे शतकभर डेनिम विणलं, ती २०१७च्या अखेरीस बंद पडली. ज्यांचा वारसा होता त्यांच्याकडे तो राहिला नाही, ज्यांनी निगा राखली त्यांच्याकडे राहिला.

इथून पुढे मात्र आम्हाला जपानबद्दल बोलता येत नाही, कारण कोजिमातल्या त्या म्हाताऱ्या कारागिराबद्दल वाचताना आमच्या डोळ्यांपुढे वडील उभे राहिले.

इंदूरात कापडगिरणी होळकरांनी एकोणिसाव्या शतकातच आणली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. आपल्यातल्या कित्येकांचे आजोबा खानदेशातून, विदर्भातून, कोकणातून या गिरण्यांच्या भोंग्यावर इथे आले. परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर, मालवा मिलचा सगळा परिसर भोंग्यावर जेवायचा आणि भोंग्यावर झोपायचा. मग मुंबईत १९८२चा संप झाला, तिथलं गिरणगाव मोडलं. आपल्याकडे संपाशिवायच एकेक गिरणी थंड पडत गेली. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि तिच्या कामगारांच्या देण्याचा प्रश्न सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं. तोवर कितीतरी जणांच्या वतीने त्यांच्या विधवा, मुलं, नातवंडं रांगेत उभी होती.

आमच्या वडिलांची गिरणीही त्याच सुमारास थांबली. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. ते विणाईखात्यात फिटर. धोटा उडाला, काठी मोडली, काठ ढिला येतोय, की हाक त्यांना. गिरणी थांबल्यावर ते पोलोग्राउंडच्या एका शेडमध्ये खराद मशीनवर कामाला लागले. पगार निम्म्याहून कमी. पण डांगरी तीच घालायचे, आई तिच्या गुडघ्यांना ठिगळं लावायची. जपानात निळ्या जुन्या कपड्यांना पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत, त्या टाक्यांना साशिको म्हणतात आणि ठिगळांच्या कपड्यांना बोरो. आज ते कपडे संग्रहालयांत काचेआड ठेवतात. आमच्या आईचे टाकेही तसेच होते, आपल्या गोधडीचे.

योगायोग असा की आम्हाला सरकारी नोकरी लागली आणि काही वर्षांनी आमची बदली पोलोग्राउंडच्याच कार्यालयात झाली. ज्या शेडच्या दाराशी आम्ही सायकलवरून वडिलांना डबा द्यायचो, त्याच गल्लीत आम्ही फाईल घेऊन पाहणीला जाऊ लागलो. तोवर वडील गेले होते.

त्यांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात पान्हे, गेज, एक जुना धोटा, घडी घातलेली डांगरी आणि एक वही. तेलाच्या डागांनी पानं पारदर्शक झालेली. अर्धी मराठी, अर्धी हिंदी. मागाच्या सेटिंगचे आकडे, कॅमची चित्रं, कोणत्या सुताला किती ताण, कोणता आवाज आला तर कुठे हात घालायचा. वीस-बावीस वर्षांची नोंद. २००६च्या दिवाळीत घराला रंग द्यायचा होता. आम्ही तिघा भावंडांनी माळा रिकामा केला. गिरणी नाही, माग नाही, वही कशाला? पेटी भंगारवाल्याला दिली, वही रद्दीत. लोखंड अकरा किलो भरलं, ते आजही आठवतं. आई काही बोलली नाही. फक्त धोटा तिने उचलून घेतला, तो अजून देवघराच्या फळीवर आहे.

त्या वहीतली एकच ओळ आम्हाला तोंडपाठ आहे, कारण ती ते बोलायचेही: "पावसात आवाज बदलतो, आधी पट्टा बघ." बाकी सगळं गेलं. इंजिनियर व्हायचं स्वप्न बघणाऱ्या मुलाने बापाची इंजिनियरिंगची वही रद्दीत घातली. यात दोष ना सरकारचा, ना गिरणीमालकाचा. गिरणी कोणी बंद केली यावर तासभर वाद घालता येईल, पण वही आम्हीच विकली.

काही मंडळी म्हणतील, अहो, धोट्याच्या मागाचं तुम्हाला एवढं प्रेम, पण ते तर आपल्याकडे ढिगाने आहेत. खरं आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला, संस्थानिक घोरपड्यांनी पाठबळ दिलं. आजही इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव आणि आपलं बुऱ्हाणपूर इथे धोट्याचे माग खडखडतात. पण त्यांवर बहुतेक स्वस्तातलं कोरं कापड निघतं, मीटरमागे पैशांवर घासाघीस होते, आणि कारखानदार हप्ते भरता भरता थकला की माग किलोवर जातो. ज्या तऱ्हेच्या मागावर कोजिमाचा माणूस प्रतिष्ठा मिळवतो, तसल्याच मागावर आपला माणूस कर्ज फेडतो. फरक माग चालवणाऱ्या हातांत नाही, त्या हातांची किंमत कोण लावतो यात आहे.

दुसरी शंका अशी: कामगाराचा कपडा सोळा हजारांना विकला तर कामगार काय घालणार? हा प्रश्न आम्हालाही टोचतो. कोजिमात एका ब्रँडने हातमागावर विणलेली पँट लाख रुपयांहून महाग विकली आहे. ती घालून कोणी लेथवर उभं राहणार नाही. तेव्हा इंदूरने महाग जीन्स काढाव्यात असं आम्ही म्हणत नाही. परदेशीपुऱ्याच्या रेडीमेड कॉम्प्लेक्समध्ये शिवणारे हात आहेत, अहमदाबादला १९८०च्या दशकापासून डेनिम विणलं जातंय, धंद्याचं धंदेवाले बघतील. आमचं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. विद्या जिवंत असेल तर कोणीतरी, कधीतरी तिचा धंदा करेल. काइहाराला निळीत दोरा बुडवता येत होता म्हणून तो डेनिमकडे वळू शकला. विद्याच रद्दीत गेली तर वळणार कुठे?

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. इथून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवर महेश्वर आहे. अहिल्यादेवींनी विणकर आणून वसवले, महेश्वरी लुगडं नावारूपाला आलं. विसाव्या शतकात तेही मोडकळीला आलं होतं, माग बंद पडत होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी 'रेहवा' ही संस्था काढून विणकर स्त्रियांना पुन्हा मागावर बसवलं. किल्ल्याच्या भिंतींवरच्या, घाटावरच्या नक्ष्या काठांत परत आल्या. आज महेश्वरच्या गल्लीतून चालताना मागाचा आवाज येतो. तो आवाज आपोआप टिकलेला नाही, कोणीतरी वेळेवर हात दिला म्हणून टिकला.

आता शेवटचं. परवा अनंत चतुर्दशी. रात्रभर झांक्या निघतील. सुमारे शंभर वर्षांपूर्वी हुकुमचंद मिलपासून ही परंपरा सुरू झाली असं सांगतात. गिरण्या बंद झाल्या, तरी मालवा, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार, स्वदेशी यांच्या नावाने कामगार वर्गणी गोळा करून झांकी काढतात. तुम्ही-आम्ही राजवाड्याजवळ उभे राहून देव-दानव बघतो. यंदा एक करा. झांकीच्या बाजूने, अंधारातून चालणाऱ्या माणसाकडे बघा. मोटर, चेन, पुली, कॅम जोडून ते पुतळ्यांचे हात हलवतात, मान वळवतात. ही विद्या कुठली? विणाईखात्यातलीच. आमचे वडीलही गिरणी थांबल्यावर दहा वर्षं झांकीच्या शेडमध्ये रात्री जायचे. आम्हाला वाटायचं भक्ती. आता कळतं, वर्षातून पंधरा दिवस त्यांना फिटर म्हणून हाक मारणारं ते एकच ठिकाण उरलं होतं.

त्यांतली बरीच माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणून मंडळापुढे आमचा प्रस्ताव आहे आणि तो फार खर्चाचा नाही. मंडळाच्या वाचनालयात एक कपाट रिकामं करू या. ज्यांच्या घरी गिरणीतलं काही असेल, धोटा, कांडी, हजेरीचा बिल्ला, डांगरी, कापडाचा तुकडा, वही, त्यांनी ते माळ्यावरून उतरवून तिथे ठेवावं, नाव लिहून. आणि दर रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर, आम्ही एक कोरी वही घेऊन एकेका जुन्या कामगाराच्या घरी जाऊ. तीनच प्रश्न विचारू: तुमच्या मशीनच्या कोणत्या भागाला तुम्ही काय म्हणायचा? कोणता आवाज आला की काय करायचा? आणि हे तुम्हाला कोणी शिकवलं? लिहून घ्यायला तरुण मंडळींपैकी दोघं-तिघं हवेत. मोबाईल आणायला हरकत नाही, उलट आवाज टिपायला कामाला येईल.

पहिलं पान आम्ही घरीच लिहिलं आहे. भाच्याने जपानला जाण्याआधी आजीला समोर बसवून विचारलं आणि आईने काठ कसा ओळखायचा ते सांगितलं. त्याखाली वडिलांची ती एक ओळ लिहिली: पावसात आवाज बदलतो, आधी पट्टा बघ. दुसरं पान कोरं आहे. आज कार्यक्रम संपल्यावर आम्ही दाराशी वही घेऊन उभे राहतो. ज्यांच्या घरात असं कोणी असेल, त्यांनी नाव आणि गल्ली सांगून मगच प्रसाद घ्यावा.

वीस मिनिटांच्या वर झालं, अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

गणपती बाप्पा मोरया!